पहिल्या नंबराला बक्षीस, की दुसऱ्या वर्षाला आधार?

पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर आहेत. त्यांच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. दुसऱ्या वर्षाला घरची परिस्थिती अचानक बिघडली, फी भरायची मुदत टळत आली आणि शिक्षण सुटतं की काय अशी वेळ आली. तेव्हा त्यांच्या मावशीने कुणाला न सांगता पैसे भरले. मावशी आता नाही. तिच्या नावाने आपल्या जुन्या विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनींसाठी कायमस्वरूपी निधी ठेवावा, असं त्यांनी ठरवलंय. विद्यापीठाने करारपत्राचा मसुदा पाठवला आहे. त्यानुसार मुद्दल कायम गुंतवलेलं राहील आणि उत्पन्नातून दरवर्षी शेवटच्या वर्षाला सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थिनीला पदवीदान समारंभात शिष्यवृत्ती दिली जाईल. घरात मात्र एकमत नाही. मुलगा म्हणतो, ‘आता मुली सगळीकडे आहेत. गरीब मुलांनी काय घोडं मारलंय?’ यजमान म्हणतात, ‘एवढ्याशा रकमेचं उत्पन्न ते किती येणार? त्यापेक्षा सरळ वाटून टाक.’ बाई विचारतात: निधी मुलींपुरताच ठेवणं अन्यायाचं आहे का? रक्कम लहान असताना ‘कायम’चा हट्ट धरावा का? आणि मावशीचं नाव देणं म्हणजे मिरवणं तर नाही?

उत्तर:

ताई,

आधी तुमचं पत्र वाचलं, मग सोबतचा मसुदा वाचला. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा जे दिसलं ते आधी सांगते, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. पत्रातली मावशी दुसऱ्या वर्षाला येते, मुदत संपायच्या आत येते आणि गुण विचारत नाही. मसुद्यातली शिष्यवृत्ती शेवटच्या वर्षाचा निकाल लागल्यावर येते, गुण बघून येते आणि व्यासपीठावर येते. मसुद्यात लिहिलेला निधी तुमच्या वेळी असता, तर तो तुम्हाला मिळाला नसता. तो जाहीर होईपर्यंत तुम्ही कॉलेज सोडून दोन वर्षं झाली असती.

म्हणून मला वाटतं, द्यावं की नाही हा खरा प्रश्नच नाही. देण्याचं तुम्ही मनाशी केव्हाच पक्कं केलंय. पैसा कुणाच्या हातात आणि कोणत्या दिवशी पडावा, हे मात्र तुम्ही विद्यापीठावर सोडून दिलंय, आणि विद्यापीठाने त्याला सर्वांत सोपं जे होतं ते लिहिलंय. यात कुणाचा वाईट हेतू नाही. पहिला नंबर गुणपत्रिकेवरून ठरतो. अर्ज मागवायला नकोत, छाननी नको, कुणाची तक्रार नको, आणि समारंभात देणगीदाराच्या घरच्यांना बोलावता येतं. प्रशासनाच्या दृष्टीने याहून सुटसुटीत काही नाही. पण शेवटच्या वर्षाला पहिली आलेली मुलगी तुमच्या पैशांशिवायही इंजिनिअर झालेलीच असते. तिचं कौतुक जरूर व्हावं, बक्षिसालाही किंमत असते आणि चांगल्या गुणांचं चीज झालंच पाहिजे. फक्त मग त्याला बक्षीस म्हणावं. तुमच्या मनात जे आहे ते बक्षीस नव्हे.

काही वर्षं मी अशा शिष्यवृत्त्यांच्या निवड समितीवर होते. तिथला एक अर्ज अजून डोळ्यांसमोर आहे. सिव्हिलची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, गुण बेताचे. ‘आर्थिक अडचणीचे स्वरूप’ या रकान्यात इतरांनी पानभर लिहिलं होतं, जोडपत्रं लावली होती. हिने लिहिलं होतं: ‘सर्व्हे कॅम्पला जायचे पैसे नाहीत. कॅम्प झाला नाही तर विषय राहतो. विषय राहिला तर फीची सवलत जाते.’ मागितलेली रक्कम इतकी लहान होती की आमच्यातल्या एकाने शून्य लिहायचं राहिलं की काय म्हणून अर्ज उलटसुलट करून पाहिला. शून्य राहिलं नव्हतं. आमचा निधी गुणांच्या अटीवर बांधलेला होता, तिचे गुण दोन-तीन टक्क्यांनी कमी होते आणि अट शिथिल करायचा अधिकार आम्हाला नव्हता. शेवटी एका प्राध्यापकांनी स्वतःच्या खिशातून पैसे दिले. म्हणजे तिलाही मावशीच भेटली. निधी असूनही कुणीतरी खिशात हात घालावा लागला, हे मला फार लागलं.

तिच्या तीन वाक्यांत इंजिनिअरिंगच्या शिक्षणाची गळती कशी होते ते सगळं आहे. बहुतेक वेळा मोठी फी भरायची सोय कशीबशी झालेली असते. अडतं ते मधल्याच कशावर तरी: कॅम्प, साइट व्हिजिटचा प्रवास, प्रोजेक्टचं साहित्य, बंद पडलेला लॅपटॉप, बिनपगारी इंटर्नशिपच्या गावात राहायचा खर्च. त्यातच पहिल्या वर्षाला गणित किंवा मेकॅनिक्स राहिलं की गुणांच्या अटीवर मिळालेली शिष्यवृत्ती थांबते, म्हणजे मदतीची गरज सर्वांत जास्त असते नेमक्या त्याच वेळी मदत बंद होते. पैशांसाठी ती कुठेतरी काम धरते, अभ्यासाला वेळ उरत नाही आणि पुढचा विषय राहतो. हे चक्र बुद्धी कमी असल्याने सुरू होत नाही.

तेव्हा पहिली दुरुस्ती अशी सुचवते. ‘सर्वाधिक गुण’ काढून ‘पुढच्या वर्षात जाण्यास पात्र’ एवढीच शैक्षणिक अट ठेवा, आणि दुसरं-तिसरं वर्ष म्हणा. एखादा विषय राहिला तर एका सत्राची सवड द्या. निवडीचा मुख्य आधार गरज असू द्या. क्लेअर बूथ लूस या अमेरिकी लेखिका आणि राजदूत १९८७ मध्ये वारल्या. त्या स्वतः इंजिनिअर नव्हत्या, पण त्यांनी मागे ठेवलेल्या पैशांतून १९८९ पासून विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीतल्या स्त्रियांना मदत दिली जाते. त्या निधीच्या उद्देशात चार टप्पे सांगितलेत: स्त्रियांनी या विषयांत प्रवेश घ्यावा, शिकावं, पदवी मिळवावी आणि पुढे शिकवावं. एवढा मोठा निधी चारही टप्प्यांना पुरा पडतो. तुमच्या निधीला एक टप्पा निवडावा लागेल. तुमच्या जागी मी असते तर मधला निवडला असता, जिथे मुली गळतात तो.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. तो चिडून बोलला असेल, पण त्याचं बोलणं झटकून टाकू नका, त्यात एक गोष्ट बरोबर आहे. सध्याच्या मसुद्याप्रमाणे सुखवस्तू घरातली पहिली आलेली मुलगी पैसे घेऊन जाईल आणि तिच्याच वर्गातल्या गरीब मुलाला ते खुपेल. तसं खुपणं रास्तही आहे. पण हा आक्षेप मसुद्यातल्या गुणांच्या निकषावर बसतो, निधी मुलींसाठी असण्यावर नाही. ‘विद्यार्थिनी आणि आर्थिक गरज’ असं एकत्र लिहिलंत की त्यातली धार पुष्कळ कमी होते.

राहिलं ‘मुली सगळीकडे आहेत’ हे. युनेस्कोच्या २०२१ च्या विज्ञान अहवालात जगभरच्या अभियांत्रिकी पदवीधरांमध्ये स्त्रियांचं प्रमाण २८ टक्के दिलंय. संगणकशास्त्र आणि माहितीशास्त्रात ते ४० टक्के आहे. म्हणजे मुलाला मुली दिसतात त्या खऱ्याच आहेत, पण त्या काही शाखांमध्ये जास्त दिसतात आणि काहींत फारच कमी. मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये एकटीने उभं राहणं म्हणजे काय हे त्याला तुमच्याइतकं नीट दुसरं कोण सांगणार? आणि घरात पैसे कमी पडले की कुणाचं शिक्षण आधी थांबवायचं याचा निर्णय अजूनही अनेक घरांत मुलीच्या विरुद्ध लागतो. त्या एका निर्णयापुरता जरी हा निधी आड आला, तरी त्याचं मुलींसाठी असणं सार्थ आहे. गरीब मुलांसाठी काही करावं असं तुमच्या मुलाला मनापासून वाटत असेल तर फारच चांगलं. त्याच विद्यापीठात त्याने स्वतःचा निधी ठेवावा. तुमच्या निधीने त्याची वाट अडत नाही.

फक्त एक कायदेशीर बाब आधी विचारून घ्या. केवळ स्त्रियांसाठी शिष्यवृत्ती ठेवण्याबद्दलचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेत १९७२ चा ‘टायटल नाइन’ हा शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धचा कायदा आहे. तिथली विद्यापीठं अशा देणग्या स्वीकारताना अनेकदा एक मार्ग काढतात: आधी सगळ्या पात्र विद्यार्थ्यांची निवड स्त्री-पुरुष न पाहता करायची, आणि मग कुणाला कोणत्या निधीतून पैसे द्यायचे ते ठरवताना स्त्रियांसाठीचा निधी निवडलेल्या स्त्रियांना लावायचा. तुमच्या विद्यापीठाच्या विधी विभागाला विचारा की ‘फक्त विद्यार्थिनींसाठी’ हे शब्द पुढे टिकतील का. टिकणार नसतील तर ‘अभियांत्रिकीत ज्यांचं प्रमाण कमी आहे अशांना प्राधान्य’ असं काही लिहिता येतं. आज भिडेखातर विचारायचं टाळलंत तर उद्या कुणीतरी तुमच्या माघारी शब्द बदलेल.

शाखेबद्दल मात्र जपून. फक्त मेकॅनिकल, फक्त दुसरं वर्ष, फक्त अमुक भागातली, अशी चाळणी बारीक करत गेलात तर एखाद्या वर्षी पात्र मुलगीच सापडत नाही आणि पैसे पडून राहतात. अशा पडून राहिलेल्या शिष्यवृत्त्या बऱ्याच विद्यापीठांत असतात. ‘मेकॅनिकलला प्राधान्य, नसल्यास अभियांत्रिकीची कोणतीही शाखा’ एवढी मोकळीक ठेवा.

यजमानांचं म्हणणं हिशेबाचं आहे, म्हणून हिशेबानेच बघू. कायम निधीत मुद्दलाला हात लावत नाहीत. गुंतवणुकीच्या किमतीची मागच्या तीनेक वर्षांची सरासरी काढून त्याच्या साधारण चार ते पाच टक्के रक्कम दरवर्षी खर्चाला देतात, म्हणजे बाजार वर-खाली झाला तरी शिष्यवृत्तीला हिसके बसत नाहीत. उरलेलं उत्पन्न मुद्दलात मिळवतात, कारण महागाई थांबत नाही. महागाई दरसाल सहा टक्के धरली तर बारा वर्षांत पैशाची खरेदीशक्ती निम्म्यावर येते. जिथे नुसत्या मुदतठेवीत पैसे ठेवून सगळं व्याज वाटून टाकतात, तिथे निधी कागदावर तेवढाच दिसतो आणि प्रत्यक्षात आटत जातो. पूर्वी वर्षभराची फी भरण्याइतक्या असलेल्या कितीतरी जुन्या शिष्यवृत्त्यांत आज वह्यादेखील येत नाहीत, ते यामुळेच. तुमचं विद्यापीठ यांतलं काय करतं, हे मसुद्यात कुठेच लिहिलेलं नाही. नवीन निधीतून पहिलं वर्ष-दोन वर्षं काहीच दिलं जात नाही असाही नियम काही ठिकाणी असतो, तोही विचारा.

आता शंभर भाग धरून बघा. कायम ठेवलंत तर दरवर्षी चार-पाच भाग मिळतील, पण नेहमीसाठी. तीच रक्कम दहा वर्षांत संपवायची ठरवलीत आणि शिल्लक गुंतवणुकीवर पाच टक्के सुटले, तर दरवर्षी जवळपास तेरा भाग मिळतील आणि दहा वर्षांनी निधी संपेल. म्हणजे दहा वर्षं जवळजवळ तिप्पट मदत. माझी कसोटी साधी आहे: एका वर्षाच्या उत्पन्नातून एका मुलीची एक अडचण पूर्ण सुटते का? सुटत असेल तर कायम निधी करा, बिनधास्त. सुटत नसेल तर कायमचा हट्ट सोडा. दर वर्षी एका मुलीला अर्धवट मदत करणारा निधी शंभर वर्षं टिकला काय आणि नाही काय.

‘कायम’ या कल्पनेची आपल्याला फार ओढ असते. आपल्यामागे काहीतरी राहावं ही इच्छा स्वाभाविक आहे. पण दहा वर्षांत वीस मुली इंजिनिअर झाल्या तर त्यांच्या कमाईची चाळीस-चाळीस वर्षं तुमच्या मावशीमागे राहणारच आहेत. त्यांच्यातलीच एखादी पुढे निधीत भर घालेल अशी आशा ठेवायला हरकत नाही, तशी अट मात्र घालू नका. यजमानांना सांगा की तुमचं निम्मं बरोबर आहे. ‘वाटून टाकणं’ म्हणजे एकदाच सगळ्यांना थोडंथोडं असं असेल, तर त्यातून कुणाचंच वर्ष वाचत नाही. मुदत ठरवून, नीट निकषांवर खर्च करणं ही वेगळी गोष्ट आहे. तिसराही रस्ता आहे: काही भाग कायम ठेवायचा आणि काही भाग लगेच खर्चाला मोकळा ठेवायचा. तुमच्या बॅचमधल्या मित्रांनी भर घातली तर कायम भाग हळूहळू मोठा होईल. तुम्ही दिलेल्या रकमेच्या अंदाजावरून मला हाच रस्ता योग्य वाटतो.

पैसे कशासाठी खर्च करता येतील, हेही मसुद्यात अरुंद आहे. तिथे ‘शिक्षणशुल्क’ म्हटलंय. ते बदलून ‘शिक्षणासाठी आवश्यक कोणताही खर्च’ करा. फीपलीकडच्या गोष्टींनी किती अडतं याचं मोठं उदाहरण एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रशिक्षण संस्थेचं आहे. तिथे मुलींना प्रवेश होता, पण राहायला पुरेशी जागाच नसल्याने फार थोड्या मुली घेतल्या जात. तिथूनच १९०४ मध्ये जीवशास्त्रात पदवी घेतलेल्या कॅथरीन मॅककॉर्मिक यांनी मुलींच्या वसतिगृहासाठी पैसे दिले. १९६३ मध्ये मॅककॉर्मिक हॉलची पहिली इमारत उघडली, काही वर्षांनी दुसरी, आणि विद्यार्थिनींची संख्या वाढू लागली. त्यांनी सगळे पैसे शिष्यवृत्तीला दिले असते तर शिष्यवृत्ती घेऊन मुली राहिल्या असत्या कुठे? तुम्ही वसतिगृह बांधणार नाही, पण एका मुलीचं सत्राचं खोलीभाडं तुमच्या निधीतून जाऊ शकतं, तिला मूल असेल तर पाळणाघराचा खर्च जाऊ शकतो. अमेरिकेतली सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्स १९५० मध्ये स्थापन झाली. तिच्या शिष्यवृत्त्यांत शिक्षणात किंवा नोकरीत खंड पडून परत येणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. वयाची अट तुमच्या मसुद्यात का आहे मला कळलं नाही. ती काढाच.

आणि सोबतीचा विचार करा. ए. ललिता या भारतातल्या पहिल्या स्त्री इंजिनिअरांपैकी एक. मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी १९४० च्या दशकात इलेक्ट्रिकलचं शिक्षण घेतलं. अठराव्या वर्षी वैधव्य आलं होतं, पदरात लहान मुलगी होती. वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून प्रवेशाची वाट निघाली. पण शेकडो मुलग्यांत एकटीच मुलगी, वसतिगृहात एकटी. पुढे लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया या दोघी सिव्हिलला आल्या तेव्हा सोबत झाली. तुम्हीही वर्गात एकट्या होतात, यापेक्षा जास्त मी काय सांगू. शक्य असेल तर दरवर्षी एकीला मोठी रक्कम देण्याऐवजी एकाच वर्गातल्या दोघींना पुरेशी रक्कम द्या. हा माझा कल आहे, नियम नव्हे. रक्कम दोघींना पुरत नसेल तर एकीलाच द्या.

आता एक गोष्ट जी बहुतेक देणगीदारांना ठाऊक नसते. एखाद्या मुलीला विद्यापीठाकडून आधीच फीसवलत मिळत असते. तुमची शिष्यवृत्ती मिळाली की वित्त विभाग म्हणतो, ‘हिची गरज भागली,’ आणि तेवढी सवलत कमी करतो. मुलीच्या हातात पहिल्याइतकेच पैसे राहतात, तुमच्या पैशांनी वाचतं ते विद्यापीठाचं. हे बेकायदा असतंच असं नाही. अमेरिकेतल्या मेरिलँड राज्याने २०१७ मध्ये सार्वजनिक विद्यापीठांत याला आळा घालणारा कायदा केला, तोपर्यंत तिथे कोणत्याच राज्यात तसा कायदा नव्हता. म्हणून करारात स्पष्ट लिहून घ्या: ‘ही रक्कम विद्यार्थिनीला मिळणाऱ्या इतर मदतीव्यतिरिक्त असेल. या रकमेमुळे विद्यापीठाची कोणतीही सवलत कमी केली जाणार नाही.’ या वाक्याला विद्यापीठाने नकार दिला तर मी त्या विद्यापीठाला पैसे देण्याचा फेरविचार करीन.

कागद पक्का असण्याचं महत्त्व सांगायला एक जुनी हकिगत पुरे. १६४३ मध्ये लंडनच्या लेडी अ‍ॅन मौल्सन या विधवा बाईने अमेरिकेतल्या हार्वर्ड कॉलेजला शंभर पौंड दिले, गरीब विद्यार्थ्याला मदत म्हणून. हार्वर्डची ती पहिली शिष्यवृत्ती-ठेव. जिथे स्त्रियांना शिकायची सोय नव्हती, तिथली पहिली शिष्यवृत्ती एका स्त्रीच्या पैशांची. पण ते पैसे तिथल्या तेव्हाच्या इंग्रज वसाहतीच्या सरकारी खजिन्यात मिसळून गेले आणि बाईंची शिष्यवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या विस्मरणात गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुणीतरी जुनी दप्तरं चाळली तेव्हा ती पुन्हा उजेडात आली. १८९४ मध्ये हार्वर्डलगतच्या मुलींच्या कॉलेजला त्यांचं माहेरचं नाव मिळालं: रॅडक्लिफ.

त्यामुळे ताई, मावशीचं नाव द्या, आणि मिरवणं वगैरे मनात आणू नका. नाव असलेला निधी हिशेबात वेगळा दिसतो, तो दुसरीकडे वळवताना कुणालातरी उत्तर द्यावं लागतं. नावाबरोबर मावशी कोण होती हे चार ओळींत लिहून द्या. ज्या मुलीला पैसे मिळतील तिला कळू दे की हा पैसा एका बाईने भाचीसाठी मुदतीच्या आत भरलेल्या फीतून आलाय. हे कळणं मदतीइतकंच मोलाचं असतं. एमआयटीच्या पहिल्या विद्यार्थिनी एलन स्वॉलो यांना १८७० मध्ये तिथे फी न घेता प्रवेश मिळाला. आपली परिस्थिती पाहून फी माफ केली असं त्यांना वाटलं. खरं कारण नंतर कळलं: मुलगी नोंदणीपटावर आहे असा आक्षेप कुणी घेतला तर ‘ती आमची विद्यार्थिनी नाही’ असं सांगता यावं म्हणून ती माफी होती. आधी माहीत असतं तर आपण गेलोच नसतो, असं त्या पुढे म्हणाल्या. पैसा का मिळतोय हे मुलीला सरळ शब्दांत सांगितलेलं असावं, आणि ते कारण तिला मान वर करून वाचता यावं.

म्हणूनच आभाराचं पत्र सक्तीचं करू नका. समारंभाला हजेरी, फोटो, आत्मकथन, यांतलं काहीही अटीत नको. मसुद्यात ‘विद्यार्थिनीचे नाव व छायाचित्र प्रसिद्ध केले जाईल’ असं एक वाक्य आहे, त्यावर काट मारा. मदत घेतल्याचं वर्गात माहीत व्हावं असं सगळ्यांना वाटत नाही, आणि मावशीनेही कुणाला सांगितलं नव्हतं.

करारात आणखी काही गोष्टी हव्यात, त्या पटकन सांगते. पैसे सत्राची फी भरायच्या मुदतीआधी मिळतील अशी तारीख. अर्ज दोन पानांपेक्षा मोठा नको. निवड समितीत अभियांत्रिकीतली किमान एक स्त्री प्राध्यापक. वर्षभरात कधीही लागली तर देता येईल अशी तातडीच्या मदतीची छोटी रक्कम, समितीची बैठक न घेता विभागप्रमुखांच्या सहीने मिळणारी. त्या सर्व्हे कॅम्पसाठी हीच सोय हवी होती. न वापरलेले पैसे त्याच कामासाठी पुढच्या वर्षी, इतरत्र नाही. व्यवस्थापनाचा खर्च किती टक्के कापणार ते आकड्यात. दरवर्षी एक पानाचा हिशेब: किती आले, किती दिले, किती जणींना, त्यांतल्या किती पुढच्या वर्षात गेल्या. आणि शाखा बंद पडली किंवा नियम बदलले तर उद्देश कुणाच्या संमतीने आणि कुठपर्यंत बदलता येईल, तेही. तुमच्यानंतर ही संमती कोण देईल तर तुमचा मुलगा, असं मी सुचवीन. ज्याने आक्षेप घेतला त्याच्यावर जबाबदारी टाकली की तो लक्ष घालेल.

हे सदर वाचणाऱ्या आणि स्वतः शिकत असलेल्या मुलींनाही दोन शब्द. मुख्य जाहिरातीतल्या शिष्यवृत्त्यांपाशी थांबू नका. विभागाच्या पातळीवर, माजी विद्यार्थ्यांच्या नावाने ठेवलेले छोटे निधी असतात, त्यांची यादी वित्त विभागाकडे मागा. यंदा कोणत्या निधीला अर्जच आला नाही, हेही विचारा. गुण कमी आहेत म्हणून अर्ज नाकारायचा की नाही हा निर्णय समितीचा आहे, तो आधीच स्वतःवर लादून घेऊ नका. आणि रक्कम छोटी असली तरी नेमकी लिहा: कशासाठी, किती, कोणत्या तारखेपर्यंत. समितीला पानभर दुःखापेक्षा असा अर्ज मंजूर करणं सोपं जातं.

ताई, सध्या सही करू नका. घाई तुम्हाला नाही, विद्यापीठाला आहे. मसुदा दुरुस्त होऊन यायला काही महिने जातील. तेवढ्यात पुढच्या सत्राची फी भरायची मुदत येईल. त्या मुदतीसाठी एक छोटी रक्कम, एका वर्षापुरती, बिनशर्त खर्चाला मोकळी अशी आताच विभागाला द्या आणि अर्ज मागवायला सांगा. आलेले अर्ज, नावं झाकून, स्वतः वाचायला मागा. कुणाला काय लागतं, किती लागतं, कधी लागतं हे त्या अर्जांवरून कळेल, आणि करारातले आकडे त्यावरून भरा. दुरुस्त मसुदा आला की हवं तर मला पाठवा, मी ओळन्‌ओळ वाचीन.